किल्लीचा तह, अर्थात उस्तादांच्या श्वासनलिकेवरील मोहीम

वर्तमान ऐसे जे, उस्तादांच्या छातीवर जी मोहीम जाहली तिची हकीकत जिन्यात एक सांगितली जाते, दवाखान्याच्या बाकांवर दुसरी आणि बसडेपोच्या चहाच्या टेबलावर तिसरीच, आणि तिहींत खरे थोडे व तिखटमीठ फार. सबब जे घडले ते, कोणाची भीड न धरता आणि पदरचे काही न घालता, अव्वलपासून अखेरपर्यंत लिहून ठेवावे ऐसे मनी आणून हा कागद केला आहे. मोहीम दिसावयास लहान, परंतु तीत एका राज्याची सत्ता पालटली. राज्य चार चाकांचे होते, तरी राज्यच.

उस्ताद म्हणजे कोण, तर शहर बससेवेचे निवृत्त चालक, चौतीस वर्षे बसचे चाक हाती धरलेले, आणि अखेरच्या बारा वर्षांत नव्या चालकांस तालीम देण्याचे कामावर तैनात असलेले, म्हणोन डेपोत त्यांस उस्ताद हा किताब मिळाला आणि तो घरापर्यंत चालत आला. निवृत्तीनंतर त्यांनी एक लहान राखाडी मोटार पदरी बाळगली. तिची किल्ली सदऱ्याच्या डाव्या खिशात असे, आणि ज्या दिवशी कोठे जावयाचे नसे त्या दिवशीही असे. मोटारीत पुढे दोन आसने. एक राज्य करण्याचे, ते उस्तादांचे. दुसरे नुसते बसण्याचे, ते बाईसाहेबांचे.

बाईसाहेब म्हणजे उस्तादांचे कुटुंब, शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवून निवृत्त जाहलेल्या. नद्या, वारे, समुद्राचे प्रवाह, कोणता मार्ग कोठे फुटतो, हे सारे त्यांस मुखोद्गत. परंतु मोटारीत त्यांनी डावीकडे वळा म्हणोन सांगितले की उस्ताद हटकून सरळ जात. त्यांजपाशी मोटार चालविण्याचा परवानाही होता, एकोणीस वर्षांचा जुना, वेळच्या वेळी ताजा करून घेतलेला, आणि तो कपाटात ठेवणीतल्या कपड्यांखाली निजून असे. चाक मागितले असता उस्तादांचा हुकूम ठरलेला होता, की एका गाडीस दोघांचे पाय लागले म्हणजे क्लच रुसतो. हा हुकूम अकरा वर्षे अमलात होता आणि त्यावर अपील नव्हते.

ऐसे सुखाने चालले असता उस्तादांच्या छातीत खोकला शिरला. प्रथम कोणी मनावर घेतले नाही. मग काढे जाहले, वाफारे जाहले, तीन तऱ्हेची पातळ औषधे जाहली, आणि खोकला हलेना. तीन महिने लोटले. मग छातीचा फोटो काढविला, तो उजवे बाजूस खालच्या अंगास एक डाग निघाला. मग मोठ्या यंत्रात घालून दुसरा फोटो काढविला, तोही तेच बोलला. ते दोन्ही कागद घेऊन उभयता फुफ्फुसांच्या डॉक्टरीणबाईंचे दारी रुजू जाहली. डॉक्टरीणबाई मोजके बोलणाऱ्या. त्यांनी फोटो उजेडावर धरला, खाली ठेवला आणि पुन्हा धरला.

"आत जाऊन बघायला हवं," त्या म्हणाल्या. "डाग कसला आहे ते बाहेरून सांगता येत नाही."

"कसला असू शकतो?" बाईसाहेबांनी विचारले.

"बरंच काही असू शकतो. म्हणूनच बघायचं."

 जिना उतरताना उस्तादांनी कठडा धरिला, जो ते कधी धरीत नसत, आणि मोटारीत बसल्यावर किल्ली लावून ती बराच वेळ फिरविली नाही. उभयतांचे मनी एकच शब्द आला होता आणि उभयतांनी तो ओठांवर येऊ दिला नाही.

आता या तपासणीचा जाबता ऐसा. बोटाहून बारीक ऐसी एक नळी, तिच्या टोकास दिवा आणि डोळा. ती नाकातून घशात, घशातून स्वरयंत्राचे दारातून श्वासनलिकेत, आणि तेथून फुफ्फुसांच्या गल्लीबोळांत उतरवावयाची. काम अर्ध्यापाऊण तासाचे, सकाळी यावे आणि दुपारी घरी जावे. परंतु घशाचे द्वारपाल मोठे कडवे, परक्यास आत येऊ देत नाहीत. सबब शिरेतून औषध देऊन रोग्यास गुंगी आणावी, म्हणजे द्वारपाल डुलकी घेतात आणि नळी सुखरूप आत जाते. याच्या शर्ती बाह्यरुग्ण विभागाच्या मेजामागील सिस्टरांनी जाहीरनाम्यासारख्या वाचून दाखविल्या, की सहा तास पोटात काही नसावे, सोबत जाणते माणूस असावे, आणि गुंगी दिल्यापासून आठ प्रहर रोग्याने महत्त्वाच्या कागदावर सही करू नये व वाहन चालवू नये. शेवटल्या कलमास उस्ताद बसले होते ते उभे राहिले.

"म्हणजे येताना गाडी आणायची नाही?"

"आणा की, काका. फक्त नेणारं दुसरं कुणी हवं."

"दुसरं कुणी म्हणजे कोण?"

सिस्टरांनी बाईसाहेबांकडे पाहिले. उस्तादांनी पाहिले नाही. त्यांनी टॅक्सीचाही विचार तेथल्या तेथे मोडून काढला, सबब की शहरातील निम्मे टॅक्सीवाले पूर्वी बसच्या परीक्षेस बसले होते आणि उस्तादांनीच त्यांस नापास केले होते. मग ते माघारे डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि गुंगीशिवाय चालेल काय ऐसा सवाल घातला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नुसता घसा बधिर करूनही करतात. जमतं काहींना. पण तुमचा खोकला बघता त्रास होईल. विचार करा."

"त्यात विचार कसला करायचा," उस्ताद म्हणाले, आणि कागदावर सही ठोकली.

बाहेर आल्यावर बाईसाहेब हळूच म्हणाल्या, "अहो, मला येते गाडी."

"परवाना असणं वेगळं आणि गाडी येणं वेगळं," उस्ताद म्हणाले, आणि तो विषय तेथे बंद जाहला.

पहिली मोहीम त्यानंतर दोन दिवसांनी जाहली आणि तिचे वर्णन करण्यास लेखणी कचरते. उस्ताद उपाशीपोटी, ताठ मानेने, स्वतः मोटार हाकीत दवाखान्यात दाखल जाहले. घशात कडू औषधाचे फवारे मारिले, तेणेकरून जीभ ऐसी जाहली की जणू दुसऱ्याची तोंडात ठेविली आहे. नाकात थंड मलम भरिले. नळी नाकातून गेली, घशात उतरली, तोवर उस्तादांनी मोठा दम धरिला आणि पायाचे अंगठे आवळून पडून राहिले. परंतु नळीचे टोक स्वरयंत्राचे दारास लागले मात्र, आतून खोकल्याच्या तोफा ऐशा सुटल्या की मेजावरील वाट्या वाजल्या, आणि उस्तादांचा हात आपसूक वर येऊन त्याने नळी गिअरच्या दांड्यासारखी पकडिली आणि न्यूट्रलमध्ये घातली. डॉक्टरीणबाईंनी तात्काळ नळी बाहेर घेतली. कोणास इजा जाहली नाही. पुन्हा एकवार यत्न केला, पुन्हा तेच जाहले.

"थांबू या आज," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमची चूक नाही. शरीर ऐकत नाही, माणूस काय करणार?"

ऐसी शिकस्त खाऊन स्वारी परत निघाली. उस्ताद चाकावर, बाईसाहेब शेजारी. तिसऱ्या सिग्नलाच्या अलीकडे उस्तादांस खोकल्याची उबळ आली, डोळ्यांस पाणी सुटले आणि मोटार हातभर सरकून मधल्या कठड्याकडे गेली. त्यांनी ब्रेक दाबून ती सांभाळली आणि कडेस उभी केली. मग ते पुढे पाहात राहिले आणि बाईसाहेब आपल्या हातांकडे.

येथे एक गुप्त वर्तमान उघड करणे प्राप्त आहे. मोटार ऐसी सरकण्याची ही पहिली खेप नव्हे. दोन महिन्यांमागे एकदा ऐसेच जाहले होते, आणि त्या दिवशी बाईसाहेबांनी काही एक न बोलता मनाशी मनसुबा केला. दुसऱ्याच दिवसापासून त्या सकाळी वाचनालयात जातो म्हणोन निघत, आणि वाचनालयाच्या मागील गल्लीत मोटार शिकविणारी एक बाई होती तिच्या दोन्ही बाजूंस ब्रेक असलेल्या गाडीत जाऊन बसत. आठवड्यास तीन दिवस, ऐसे दोन महिने. चढ, उतार, वळण, गर्दी, आणि दोन खांबांमधून मोटार मागे घेणे, हे सारे त्यांनी पुन्हा नव्याने हस्तगत केले. शिकविणारी बाई त्यांस म्हणाली होती, "तुम्हाला शिकवण्यासारखं आता काही उरलं नाही. घरी गाडी आहे ना, चालवा की." बाईसाहेब म्हणाल्या, "गाडी आहे. किल्ली नाही."

पहिल्या मोहिमेवरून घरी आल्यावर उस्ताद खुर्चीत बसले आणि जेवेनात. तेव्हा बाईसाहेबांनी वाचनालयाचे पुस्तक आणून पुढ्यात ठेविले.

"हे बघा. दोन महिने झाले, हेच पुस्तक आणतेय आणि नेतेय. तुमच्या लक्षात नाही आलं?"

"जाड आहे," उस्ताद म्हणाले. "मला वाटलं वेळ लागत असेल."

मग बाईसाहेबांनी सर्व कबूल केले. उस्ताद ऐकत राहिले. रागावतील ऐसे वाटले होते, ते रागावले नाहीत. पुस्तक बाजूस सारून म्हणाले, "किल्लीचं नाही गं नुसतं."

"मग?"

"चौतीस वर्षं डोळे उघडे ठेवले. मागे साठ माणसं बसलेली असायची. एक डोळा मिटला असता तरी संपलं होतं. आता कुणी म्हणतं, काका, डोळे मिटा, आम्ही बघतो. ते जमत नाही मला."

बाईसाहेबांनी जेवणाचे ताट पुढे सरकविले. त्या म्हणाल्या, "आता मागे साठ माणसं नाहीत. एकटी मी आहे, आणि मी शेजारी आहे."

तदनंतर उभयतांमध्ये तहाची बोलणी सुरू जाहली आणि संध्याकाळपर्यंत चालली. उस्तादांनी प्रत्येक कलमास हरकत घेतली आणि प्रत्येक कलम अखेर मंजूर केले. ठरले ते ऐसे, की जाताना चाक उस्तादांचे आणि येताना बाईसाहेबांचे. येताना वेग चाळिसावर जाऊ नये. उस्तादांनी शेजारी बसून नसलेला ब्रेक पायाने दाबू नये, आणि दाबल्यास बाईसाहेबांनी हसू नये. किल्ली आगाऊ मिळणार नाही, सुई शिरेत गेल्यावर मिळेल. बाईसाहेबांनी एकच कलम आपल्या तर्फेने घातले, की या तहात कोण हरले हे कोणी कोणास विचारू नये.

दुसरी मोहीम चौथ्या दिवशी. या खेपेस डॉक्टरीणबाईंच्या कुमकेस एक नवे सरदार आले होते, ते गुंगीचे डॉक्टर. टक्कल पडलेले, आवाज मऊ, चाल ऐसी की पायाखाली सदा गालिचा असावा. त्यांनी उस्तादांचे वजन विचारिले, पूर्वी कोणते औषध बाधले काय ते विचारिले, दात हलतो काय पाहिले, मान मागे वाकवून पाहिली, आणि मग पलंगाच्या कडेस टेकून खातरजमा केली.

"पूर्ण भूल नाही देत मी. गुंगी देतो, थोडी थोडी, बघत बघत. मी हाक मारली की तुम्ही ओ द्याल. पण फिकीर वाटणार नाही. नंतर बहुतेक काही आठवणारही नाही."

"आणि तुम्ही काय करणार?"

"मी तुमच्याकडेच बघत बसणार. दुसरं काही काम नाही मला."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ. डोळा न मिटता."

हे ऐकून उस्तादांनी त्यांजकडे नीट पाहिले, जसे एक चालक दुसऱ्या चालकाकडे पाहतो, आणि डावा हात पुढे केला. सुई शिरेत बसली. आता किल्ली देण्याचा समय आला, आणि येथे एक पेच पडला. दवाखान्याच्या झग्यास खिसा नव्हता, सबब किल्ली उस्तादांच्या उजव्या मुठीत होती, आणि प्राणवायू मोजण्याचा चिमटा सिस्टरांस त्याच हाताच्या बोटास लावावयाचा होता. सिस्टर चिमटा धरून उभ्या. बाईसाहेब दाराशी उभ्या. मूठ काही सुटेना. मग सुटली.

"हे घे," उस्ताद म्हणाले. "दुसरा गिअर जरा घट्ट आहे."

"माहीत आहे. अकरा वर्षं ऐकतेय."

बाईसाहेब किल्ली घेऊन बाहेरच्या बाकावर गेल्या. आत नाकाशी प्राणवायूची नळी लागली, दंडास रक्तदाबाचा पट्टा लागला, पडद्यावर हिरव्या रेघा चालू लागल्या. गुंगीच्या डॉक्टरांनी शिरेत पहिले औषध सोडिले आणि म्हणाले, "तुमच्या बसचा मार्ग सांगा बघू मला. पहिल्या थांब्यापासून."

"डेपो," उस्ताद म्हणाले. "मग जुना पूल. मग टपाल कचेरी. मग मुलींची शाळा, तिथं जरा थांबायचं, पोरी धावत येतात. मग कोर्ट... कोर्टवाले... पुढच्या दारानं..." आणि कोर्टाचे थांब्यावर बस उभी राहिली ती पुढे गेलीच नाही. हे गुंगीच्या डॉक्टरांनी पाहिले आणि मान हलविली.

मग डॉक्टरीणबाईंनी नळी उचलली आणि कूच केले. नाकाचा घाट उतरला, घसा ओलांडला, स्वरयंत्राचे दाराशी थोडे पाणीऔषध शिंपडिले. उस्ताद दोन वेळा खोकले, तेही दूरच्या गावी कोणी खोकावे तैसे, आणि द्वार उघडले. श्वासनलिका पुढे जाऊन दुभंगते, तेथे नळी उजव्या वाटेस लागली. इतक्यात पडद्यावरचा प्राणवायूचा आकडा सत्त्याण्णव होता तो घसरत एक्याण्णवावर आला. डॉक्टरीणबाई थांबल्या. गुंगीच्या डॉक्टरांनी दोन बोटांनी हनुवटी वर उचलली, प्राणवायू वाढविला आणि कानाशी म्हणाले, "उस्ताद, मोठा श्वास घ्या." उस्तादांनी डोळे न उघडता मोठा श्वास घेतला, आणखी एक घेतला, आणि आकडा पायरी पायरीने चढून पूर्ववत जाहला. "चला पुढे," गुंगीचे डॉक्टर म्हणाले.

खालच्या वाटेवर सूज, लाली आणि पू. तो शोषून वाट साफ केली तो तिच्या मागे गनीम दृष्टीस पडला. पांढुरका, गुळगुळीत, एक बाजू सपाट, बोळ अडवून बसलेला. डॉक्टरीणबाईंनी पडद्याकडे पाहिले. सिस्टरांनी पाहिले.

"हा शेंगदाणा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अर्धा," सिस्टर म्हणाल्या.

मग नळीच्या पोटातून तारेची एक बारीक टोपली आत सोडिली. प्रथम खेपेस गनीम निसटला. दुसऱ्या खेपेस टोपलीत आला आणि वळणावर पुन्हा घरंगळला. गुंगीच्या डॉक्टरांनी आणखी थोडे औषध दिले, उस्तादांस एक हाक मारून ओ घेतली, आणि तिसऱ्या खेपेस टोपली आवळली ती सुटली नाही. नळी, टोपली आणि कैदी ऐसे तिघे एकदमच बाहेर आले, आणि अर्धा शेंगदाणा स्टीलच्या वाटीत पडला. आतले पाणी आणि बोळाच्या भिंतीचा कण तपासणीस काढून घेतला तो निराळा. सर्व मिळोन पस्तीस मिनिटे लागली.

बाहेर बाईसाहेब किल्ली मुठीत धरून बसल्या होत्या. त्यांनी मनातल्या मनात परतीचा मार्ग सात वेळा चालविला होता, मोटार ठेविली होती त्या तळघराचा चढ, मग चौक, मग पूल, आणि आठव्या खेपेस पुलावर असता दार उघडले. डॉक्टरीणबाईंच्या हाती काचेची कुपी होती.

"काकू, हे बघा. हे होतं आत."

बाईसाहेबांनी कुपी उजेडाकडे धरिली. "हे म्हणजे... आणि डाग?"

"याच्यामुळेच असावा. तपासणीचा रिपोर्ट येऊ दे, पण मला आता काळजी वाटत नाही. गेले तीन महिने अडकलेलं असेल. कधी ठसका लागला होता का त्यांना खाताना?"

तेव्हा बाईसाहेबांस स्मरण जाहले. तीन महिन्यांमागे एके दुपारी पुलावर उस्ताद एका हाती चाक आणि दुसऱ्या हाती शेंगदाण्याची पुडी ऐसे चालले असता एका टेंपोने त्यांस चुकीच्या बाजूने मागे टाकिले होते. उस्तादांनी खिडकीची काच खाली करून त्या टेंपोवाल्याच्या शिक्षणाविषयी बोलावयास आरंभ केला, आणि वाक्य अर्ध्यावर असता जबर ठसका लागला. टेंपो निसटला. वाक्य राहिले. आणि शेंगदाणा आत गेला. हे आठवताच बाईसाहेबांस हसू आले, ते आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांतून धारा लागल्या, तेव्हा डॉक्टरीणबाई त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या.

उस्तादांस दोन तास निगराणीत ठेविले. घशाचे बधिरपण जाईतो पाणी वर्ज्य. ते मधून मधून डोळे उघडीत आणि झालं का म्हणोन विचारीत. झालं, शेंगदाणा निघाला, ऐसे बाईसाहेब सांगत, आणि उस्ताद थक्क होऊन निजत. ऐसे चार वेळा जाहले, आणि चारही वेळा त्यांनी तितकेच नवल केले. मग ते उठून चालले, घोटभर पाणी प्याले, ठसका लागला नाही, आणि गुंगीच्या डॉक्टरांनी निरोपाचा कागद बाईसाहेबांच्या हाती दिला.

आता परतीचे कूच. उस्ताद सवयीने चाकाच्या बाजूस गेले, बाईसाहेबांनी त्यांस कोपरास धरून वळविले आणि दुसऱ्या आसनावर बसवून पट्टा लाविला. मग त्या राज्य करण्याच्या आसनावर बसल्या. तळघराचा चढ खडा आणि वळणाचा, आणि नेमकी पुढली मोटार फाटकाशी अडली. बाईसाहेबांनी हातब्रेक ओढिला, दम घेतला, क्लच सोडीत सोडीत चाके जागी धरिली, आणि फाटक उघडताच मोटार एक बोटही मागे न जाता वर आली. उस्ताद अर्धे डोळे उघडून पुढे पाहात होते. त्यांचा उजवा पाय एकदा हलला, आणि आपणच थांबला.

पुलाच्या चढावर सिग्नल लाल. मागे शहर बस येऊन उभी राहिली, तिचे तोंड आरसाभर. सिग्नल हिरवा होतो न होतो तोच बसने भोंगा वाजविला. बाईसाहेबांचे हात ताठ जाहले.

"वाजवू दे," उस्ताद म्हणाले. आवाज जड, शब्द सावकाश. "त्याला घाई आहे. आपल्याला नाही."

बाईसाहेबांनी पहिला गिअर घातला, मग दुसरा, जो घट्ट होता, आणि तो लोण्यात सुरी जावी तैसा गेला. पूल मागे पडला.

"कोण चालवतंय?" उस्तादांनी विचारिले.

"मी."

"हं." उस्तादांनी आसनास पाठ टेकली. "मी परीक्षा घ्यायला बसायचो ना शेवटच्या बाकावर. नव्या ड्रायव्हरचे हात नाही बघायचो मी. माणसं बघायचो. किती जणांना झोप लागली ते मोजायचो. झोप लागली म्हणजे भरवसा बसला."

"तुम्हाला लागली कधी?"

"मला? दुसऱ्याच्या गाडीत? कधीच नाही," उस्ताद म्हणाले, आणि त्यांचे डोके हळूहळू खिडकीच्या काचेस टेकले, तोंड किंचित उघडले आणि ते घोरू लागले.

आता ही झोप औषधाची की बाईसाहेबांच्या हातांची, याचा निवाडा करावयास मोटारीत कोणी पंच नव्हता. बाईसाहेबांनी मात्र पुढील चौकास दोन प्रदक्षिणा घातल्या, आणि त्या वाट चुकल्या म्हणोन नव्हे. मग घरी येऊन इमारतीच्या टाकी आणि भिंत यांमधील चिंचोळ्या जागेत मोटार एका दमात मागे घेतली, इंजिन बंद केले, आणि उस्ताद जागे होईतो पंधरा मिनिटे तैशाच बसून राहिल्या.

संध्याकाळी उस्तादांस पुरती शुद्ध आली, तो दिवसातील काहीएक आठवेना. मुलींच्या शाळेचा थांबा आठवत होता, त्यापुढे कोरे.

"गाडी कुठे आहे?"

"खाली."

"कुणी आणली?"

"मी."

"मी काही बोललो का वाटेत?"

"विशेष काही नाही," बाईसाहेब म्हणाल्या, आणि खिचडी हलवीत राहिल्या.

तदनंतर उस्ताद तीन दिवस घरीच राहिले, घसा दुखत होता आणि औषधे चालू होती. खोकला दिवसागणिक उतरत गेला. पाचवे दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला, की रिपोर्ट आला आहे, वाईट काही नाही, निव्वळ सूज. कागद घेऊन जावे आणि सहा आठवड्यांनी फोटो काढून दाखवावा. उस्तादांनी फोन खाली ठेविला, दोनदा घसा साफ केला, ज्याची गरज नव्हती, आणि म्हणाले, "चल, घेऊन येऊ."

आठ प्रहरांची बंदी कधीच उठली होती. बाईसाहेबांनी किल्ली आपण होऊन त्यांच्या हाती दिली. उस्ताद खाली गेले. त्यांनी मोटारीस एक फेरी मारिली, टाकीकडचे अंतर वितीने मोजिले, भिंतीकडचे वितीने मोजिले, दोन्ही सारखे भरले. कोठे ओरखडा नव्हता. मग दार उघडून ते चाकामागे बसले, दार ओढले, आणि समोरच्या आरशात पाहिले, तो त्यात मागचा रस्ता दिसेना, आपली हनुवटी दिसली. बाईसाहेबांची उंची त्यांच्याहून चांगली वीतभर कमी. उस्तादांनी आरशास हात लाविला. हात तेथे थोडा वेळ राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला, दार उघडून उतरले, मोटारीला वळसा घालून दुसऱ्या बाजूस आले आणि तेथे उभ्या असलेल्या बाईसाहेबांस म्हणाले, "आरसा तुझ्या उंचीला लावलायस. राहू दे तसाच. सारखा हलवला की सैल होतो."

आणि किल्ली पुढे केली.

येणेप्रमाणे अर्धा शेंगदाणा कैद जाहला, डाग नाहीसा होण्याचे वाटेस लागला, आणि मोटारीचे राज्य कोणाचा पाडाव न होता पुढे चालू राहिले. वाटेत उस्ताद आठ वेळा म्हणाले की डावीकडे घे, आणि बाईसाहेब आठही वेळा सरळ गेल्या. मोहीम फत्ते, ऐसे येथे नमूद केले असे.